सव्वा मीटर मखमल

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि लिहिताना चुका होतात. निपाणीजवळच्या आमच्या गावात चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती मापं टिपायला, नाहीतर कापडावर खुणा करायला खडू. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते मला अजून नक्की सांगता येत नाही. ही वही मी मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवते. कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. केतकीताईंबद्दल लिहायचं आहे, आणि तोंडानं सांगायला गेले तर पहिल्याच वाक्यानंतर मी मशीन चालवायला लागते.

जयनगरला एका कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली माझं मशीन आहे. त्याआधी आठ वर्षं बोम्मसंद्राच्या गारमेंट फॅक्टरीत शर्टाच्या कॉलरी शिवल्या. दुकानाचे मालक, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी जिन्याखालची जागा दिली. फॉल लावणं, पँट आखूड करणं, ब्लाउज सैल करणं, असली कामं. गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकायचं, कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणायचं आणि मान खाली घालायची. मला ते बरं वाटायचं. बोलावं लागत नाही.

केतकीताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या एका पायात हिरवा मोजा होता, दुसऱ्यात यंत्रमानवाची चित्रं असलेला पिवळा. मला वाटलं घाईत चुकलं असेल. पुढं कळलं की त्या रोज तसेच घालतात. वय तिशीच्या आतलं, अंगानं भरलेल्या, जाड काचांचा चष्मा. पुण्याच्या, इथं कंप्युटरच्या कंपनीत. मी मराठी बोलते असं अण्णांनी त्यांना सांगितलं होतं.

"अक्का, एक गाऊन शिवायचाय. शिवाल ना? होईल ना?" असं म्हणून त्यांनी हातातली फोनसारखी मोठी पाटी माझ्यापुढं धरली. त्यावर कार्टूनमधली एक राजकन्या होती. निळ्या मखमलीचा पायघोळ झगा, मागं सात-आठ फूट लोळणारा.

"नाटकात काम आहे का तुमचं?"

"नाही हो. कॉस्प्ले. एक मोठा मेळावा असतो. आवडत्या पात्रासारखं सजून जायचं, फिरायचं, स्टेजवर एक चक्कर मारायची. नंबर काढतात."

आमच्याकडं यात्रेत सोंगं निघायची. मी म्हटलं, तसलंच काहीतरी असेल.

मग त्यांनी मला असं काम सांगितलं जे मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. "अक्का, हिची कंबर मोजा."

"चित्राची?"

"चित्राची. समजा ही माझ्याएवढी उंच आहे. मग कंबर किती येईल?"

मी टेप लावला. चित्रातली उंची, चित्रातली कंबर, आणि केतकीताईंची उंची. हिशेब मला येतो, मापांचा. दोनदा केला, कारण पहिल्यांदा चुकला असं वाटलं. "साडेबारा इंच," मी म्हटलं. माझ्या मशीनच्या चाकाभोवती टेप गुंडाळला तर त्याहून जास्त भरतो.

त्यांनी टाळी वाजवली, जिना दणाणला. "बघा! आता सांगा, हिचं जेवण कुठं जात असेल? आणि खिसा? खिसा कुठंय हिला?"

"खिसा कुठंय" हे त्यांचं पालुपद होतं. कुठलाही बायकांचा कपडा दिसला की आधी त्याच्या कुशीला हात लावून बघणार. अण्णांच्या दुकानात टांगलेल्या ड्रेसना पण. अण्णा मला म्हणायचे, "तुझी खिसेवाली आली बघ."

दुसरं वाक्य म्हणजे "होईल ना?" ते दिवसातनं तीनदा तरी. बोलताना बाहीच्या काठाचा दोरा ओढत राहायच्या. त्यांच्या एकाही कुर्त्याची बाही धड नव्हती. मी न सांगता टाके घालून द्यायची, पुढच्या वेळी परत उसवलेली.

मापं घ्यायला एका रविवारी दुपारी त्यांच्या फ्लॅटवर गेले. भिंतभर कपाटात बाहुल्या, सगळ्या खोक्यात बंद. खोकं उघडलं की किंमत कमी होते म्हणे. तिशीला आलेल्या बाईच्या घरी न खेळलेल्या एवढ्या बाहुल्या बघून मला कसंतरीच झालं. त्यांचे दोन-तीन मित्रमैत्रिणी आलेले. त्यातला रोहन नावाचा एक मला लक्षात आहे, कारण तो त्यांच्याशी भांडत होता. टीव्हीवर त्याच राजकन्येचा सिनेमा लावला होता. त्या सिनेमाचं नाव मला लिहिता येणार नाही. गोष्ट अशी की शापामुळं ती बुरुजात बंद असते, आणि राजकुमार येईपर्यंत तिनं तोंडातनं शब्द काढायचा नाही. तोवर तिचा पोपट तिच्यासाठी बोलतो.

केतकीताईंच्या मांडीवर वही. राजकन्या बोलली की एक रेघ. पोपट बोलला की पलीकडं एक रेघ. शेवटी त्यांनी रेघा मोजल्या. राजकन्येची एकोणचाळीस वाक्यं, पोपटाची एकशे बारा.

"अगं, लहान मुलांचा सिनेमा आहे," रोहन म्हणाला. "त्यात कसलं बाई नि पुरुष शोधतेस?"

"लहान मुलांचा आहे म्हणूनच. मी सहा वर्षांची असताना डोक्याला टॉवेल बांधून खिडकीत बसायचे. तोंड मिटून. तासन् तास. आई शेजारणींना सांगायची, किती शहाणी मुलगी आहे."

"मग एवढा राग आहे तर तिचाच ड्रेस कशाला शिवून घेतेस?"

केतकीताईंनी दोरा ओढला. "कारण मला ती आवडते. तिच्याएवढं मी कुणालाच बघितलेलं नाही."

मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अक्का, तुम्हाला काय वाटलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. काही नाही म्हणणार होते. पण तो झगा अख्खा वेळ चिखलातनं, पालापाचोळ्यातनं फरफटत होता, आणि शेवटी लग्नात तसाच्या तसा निळा. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "हे धुतं कोण?"

मग केतकीताईंनी ते वहीत लिहून घेतलं. रोहन हसला. मला घरी पळून जावंसं वाटलं.

त्या दिवशी मापं घेताना त्यांनी फोनवर मला एक फोटो दाखवला. आदल्या वर्षी त्या चष्मा घालूनच राजकन्या झाल्या होत्या. तो फोटो कुणीतरी सगळीकडं पाठवला आणि खाली लोकांनी लिहिलं होतं. इंग्रजी होतं, मला वाचता आलं नाही. त्यांनी वाचून दाखवलं. त्यातलं काहीच मी इथं लिहिणार नाही. त्या सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवत होत्या, आणि मेळाव्याच्या आधी वाचत होत्या.

"कशाला वाचता?" मी विचारलं.

"तयारी म्हणून. अक्का, या वेळी त्यांना एकही चूक सापडायला नको. एकही. होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. आयुष्यात एवढ्या ठामपणानं मी कधी हो म्हटलं नव्हतं.

मखमल अण्णांकडचीच. साडेनऊ मीटर, मीटरला बाराशे. त्यांनी सगळे पैसे रोख दिले. मग कापायला घेतली. घेराची कळी, म्हणजे उभी पट्टी, वरती अरुंद आणि खाली रुंद असते. फॅक्टरीतल्या कटिंग मास्तरनं शिकवलं होतं, एक कळी सुलटी मांडायची, शेजारची उलटी, म्हणजे मधलं कापड वाया जात नाही. मी तशाच मांडल्या. सव्वा मीटर मखमल वाचली. मला इतका आनंद झाला की अण्णांना बोलावून दाखवली. पंधराशे रुपयांचं कापड मी परत देणार होते.

मेळाव्याला चार दिवस राहिले असताना झगा फ्लॅटवर नेला. जिन्याखाली एकच मिणमिणता दिवा, आणि शिवताना कापडाची उलटी बाजूच समोर असते. त्यांच्या खोलीत मोठी काचेची खिडकी. केतकीताईंनी झगा घातला, आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि मला दिसलं.

एक कळी फिकट, एक गडद. परत एक फिकट, एक गडद. गोल सगळीकडं पट्टेच पट्टे, छत्रीसारखे.

मखमलीला लव असते. एका बाजूनं हात फिरवला की उजळ दिसते, उलट्या बाजूनं काळसर. सगळ्या कळ्या एकाच दिशेनं कापाव्या लागतात. फॅक्टरीत आम्ही सुती शर्ट शिवायचो, शर्टाला लव नसते. हे माझ्या हातांना माहीतच नव्हतं. कापड वाचवायला गेले आणि अख्खा झगा घालवला.

मी जमिनीवर बसले. केतकीताई आरशात बघत होत्या, बाहीचा दोरा ओढायला गेल्या आणि थांबल्या, कारण ती बाही मखमलीची होती.

"नवीन कापड घेऊ," मी म्हटलं. "मी आणते. पैसे माझे." अण्णांना फोन लावला. त्या रंगाचा तागा संपला होता. नवा आठवड्यानं येणार, आणि रंग तोच असेल असं ते सांगू शकत नव्हते.

त्या कळ्यांवरनं हात फिरवत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाल्या, "वाचलेलं कापड कुठंय?"

मी पिशवीतनं काढलं.

"याचे खिसे शिवा. चार. मोठे. मी असाच घालणार."

"लोक चूक म्हणतील."

"म्हणतीलच," असं म्हणून त्या मोरीत गेल्या. आतून ओकारीचा आवाज आला.

मेळाव्याला हुक लावून द्यायला मी बरोबर गेले. एवढा मोठा हॉल, एवढे लोक, पुठ्ठ्याच्या तलवारी, पंख, शेपट्या. दारावरच्या शिपायानं माझी शिवणाची पिशवी उघडून कात्री काढून घेतली. केतकीताई दर दोन मिनिटांनी चारही खिसे चाचपायच्या: फोन, किल्ली, खेळाचा एक फासा, आणि चष्म्याचा डबा. चष्मा त्यांनी घातलेलाच होता.

त्या स्टेजवर गेल्या. मी बाजूच्या पडद्याआड. दिव्याखाली पट्टे फारच उठून दिसत होते. परीक्षक बाईंनी इंग्रजीत काही विचारलं, केतकीताईंनी इंग्रजीत उत्तर दिलं. मला तीनच शब्द कळले. टेलर. मिस्टेक. आणि मंगलाक्का, म्हणजे मी.

लोक हसले.

मग केतकीताईंनी पडद्याकडं हात केला, मला बाहेर बोलावलं. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मी मागच्या मागं कपडे बदलायच्या खोलीत शिरले आणि कडी लावली. हातात सुई होती ती तळव्यात घुसली तेव्हा लक्षात आलं की मी मूठ आवळली आहे.

नंबर आला नाही. नंतर रोहननं मला समजावून सांगितलं की केतकी म्हणाली, या झग्यातली चूक माझ्या टेलरनं कापड वाचवताना केली, आणि वाचलेल्या कापडाचे हे खिसे. आणि त्याच टेलरनं विचारलं होतं की राजकन्येचा झगा धुतं कोण. लोक त्या प्रश्नावर हसले, तुमच्यावर नाही. तो चांगल्या मनानं सांगत होता. पण मला काय कळणार, हसणं कुठल्या शब्दावर आलं ते? मी फक्त हसणं ऐकलं होतं.

त्यानंतर मी त्यांचा फोन उचलला नाही. राग आला होता, आणि राग आला याची भीतीही वाटत होती. केवढ्या शिकलेल्या, केवढ्या प्रेमानं वागणाऱ्या. पण माझी चूक माझी होती. ती त्यांनी माइकवर का सांगावी? मनात एकच घोकत होते. साडेनऊ मीटर, अकरा हजार चारशे. ते फेडल्याशिवाय मला त्यांच्यापुढं मान वर करून उभं राहता येणार नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्या स्वतःच जिन्याखाली आल्या. गिऱ्हाईक होतं म्हणून उभ्या राहिल्या. ते गेल्यावर त्यांनी ती रेघांची वही उघडून माझ्या मशीनवर ठेवली. एका बाजूला लिहिलं होतं केतकी, खाली रेघाच रेघा. दुसऱ्या बाजूला मंगलाक्का. खाली काहीच नाही.

"व्हिडिओ परत बघितला," त्या म्हणाल्या. "मोजलं. तुमच्याबद्दल सगळं मीच बोलले. तुमचं वाक्य पण माझ्याच तोंडून. मी पोपट झाले, अक्का."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"हो."

"म्हणून विचारलं नाही." त्यांचे डोळे भरले होते, पण खोटं बोलल्या नाहीत. ते मला आवडलं.

मी खणातनं हजार रुपये काढले. "हे घ्या. दर महिन्याला एवढे देईन."

"अहो, काहीतरीच काय! मी ते पैसे कधीच सोडून दिलेत."

"तुम्ही सोडाल. मला सुटत नाहीत." मी थांबले नाही. "दर वेळी तुम्ही असू द्या म्हणणार, आणि मी दर वेळी तुमची गरीब टेलर. तुम्ही मला त्या बुरुजात बसवताय, ताई. पैसे घ्या."

जिन्यावरनं उतरणारे अण्णा मध्येच थांबले. एवढं बोलताना त्यांनी मला कधी ऐकलं नव्हतं.

केतकीताईंनी नोटा घेतल्या. "मग शिलाई मी देणार."

"चुकलेल्या कामाची शिलाई मी घेत नाही."

"आणि खिशांची? खिसे तर चुकले नाहीत."

मी विचार केला. "खिशांची द्या. पन्नासला एक."

त्यांनी दोनशे रुपये दिले. मी मोजून घेतले. तेव्हा आम्ही दोघीही जरा हसलो.

त्यानंतर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या यायच्या. हजार रुपये घ्यायच्या, समोरच्या गाड्यावरनं दोन कॉफी आणायच्या आणि नव्या कुठल्या सिनेमाची गोष्ट सांगायच्या. मी टाके घालता घालता विचारायची, बाई स्वयंपाक करते का, तिला ताप येतो का, तिला मैत्रीण आहे का. त्या वहीत लिहायच्या. आता लिहिण्याआधी विचारायच्या, "हे वापरू का?" कधी मी हो म्हणायची, कधी नाही.

आठव्या महिन्यात आल्या तेव्हा दोन्ही पायांत सारखे मोजे होते. मला तेव्हाच धडकी भरली. बाही पार कोपरापर्यंत उसवलेली. कॉफी आणली नाही. म्हणाल्या, कंपनीनं बऱ्याच जणांना काढलं, त्यात मी पण. मी दोन हजार पुढं केले. त्यांनी एक हजार परत केले. "ठरल्याप्रमाणेच," म्हणाल्या. पण नोटा खिशात घालताना त्यांनी त्या दोनदा चाचपल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला दिसलं की त्यांना ते पैसे लागत होते.

दुसरी नोकरी मिळाली नाही. भाडं थकायला लागलं. बाहुल्यांची खोकी एकेक करून विकली गेली. शेवटी पुण्याला आईकडं परत जायचं ठरलं, त्याच महिन्यात, पहिल्या शनिवारच्या आधीच. फोनवर म्हणाल्या, "अक्का, राहिलेले नंतर पाठवा, घाई नाही." त्यांच्या आवाजात घाई होती.

चौदाशे राहिले होते. त्या आठवड्यात मी दुपारचं जेवण सोडून एका लग्नाचे सतरा ब्लाउज शिवले. गाडी यशवंतपूरहून दुपारी होती. स्टेशनवर पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चुकीच्या फलाटावर गेले, पूल चढले, उतरले. शेवटी पट्टे दिसले. दोन बॅगा, आणि हातावर प्लास्टिकच्या पिशवीतला तो निळा झगा. बॅगेत मावत नव्हता.

"तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"मोजून घ्या," मी म्हटलं.

त्या नको म्हणतील अशी मला भीती होती. गाडी लागली होती, लोक ढकलत होते. पण त्यांनी झगा माझ्या हातावर दिला, चष्मा नाकावर सरकवला, आणि एकेक नोट वेगळी करून, ओठ हलवत, शेवटच्या नोटेपर्यंत मोजली.

"चौदाशे. पूर्ण झाले, मंगलाक्का. अकरा हजार चारशे."

"सरी," मी म्हटलं.

त्यांनी पैसे कुर्त्याच्या खिशात घातले. तो खिसा मीच शिवला होता. वरून एकदा हात फिरवून बघितला, झगा परत घेतला आणि डब्यात चढल्या.